फुटणारे कृमी

चौथी कात टाकली की सी. एलेगन्स प्रौढ झाला असं आम्ही धरतो. मिलिमीटरभर लांबीचा, पारदर्शक कृमी. आमच्याकडे त्याचा लेट-७ हे जनुक बिघडलेला वाण आहे. १५ अंशांवर तो बरा जगतो. २५ अंशांवर वाढवला, तर चौथ्या कातीपर्यंत सगळं सुरळीत चालतं आणि मग तो अंडी घालायच्या छिद्रापाशी फुटतो.

त्या सकाळी इनक्युबेटरमधून दोन प्लेटा काढल्या. मोजताना माझा कल कुठे झुकू नये म्हणून ज्युनियरने त्यांवर नुसतं ‘क’ आणि ‘ख’ लिहिलं होतं. ‘क’ स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जिकडेतिकडे फुटलेले कृमी, आतडं आणि जननग्रंथी बाहेर सांडलेल्या. एकाचं मागचं शरीर जवळजवळ रिकामं झालेलं, तरी डोकं बॅक्टेरियात खुपसून घसा आपला चालूच! ‘ख’मधले बहुतेक मात्र धडधाकट, प्लेटभर वळवळत होते.

‘ख’मध्ये काय होतं हे चिठ्ठी न उघडताच कळलं. लेट-७ पासून प्रथिन बनत नाही; बनतो तो जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए. प्रौढ व्हायची वेळ आली की तो लिन-४१ या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याला गप्प करतो. लेट-७ बिघडलं की लिन-४१ नको तेव्हाही चालूच राहतं. ‘ख’मधल्या कृमींना आम्ही लिन-४१चा दुहेरी आरएनए बनवणारे बॅक्टेरिया चारले होते. असा आरएनए पोटात गेला की कृमीतलं ते जनुक दबतं. लिन-४१ गप्प झालं, कृमी वाचले. अंडी मात्र फारशी दिसेनात. अंडपेशी घडतानाही लिन-४१ लागतं, त्याचा हा भुर्दंड.

पुस्तकात हे सगळं एका आडव्या दांडीच्या बाणात, म्हणजे ‘हे त्याला दाबतं’ अशा खुणेत, उरकलेलं असतं. मला तो बाण नेहमीच फार सोवळा वाटत आलाय. लेट-७ची तीच अक्षरं माणसातही जशीच्या तशी सापडतात, आणि अशा चिमुकल्या आरएनएच्या शोधासाठी अ‍ॅम्ब्रोस आणि रुवकुन यांना २०२४चं नोबेल मिळालं.

ज्युनियरने विचारलंच, “पण ताई, हे तर आधीच ठाऊक होतं ना?”

“होतं की. पण आपल्या हातून जमतंय का, ते बघायचं होतं.”

आता खरी शोधाशोध. लिन-४१ सोडून आणखी कुठलं जनुक दाबलं तर हे कृमी फुटायचे थांबतात, ते पाहायचंय. जेवणाआधी कृमी वाढवायच्या नव्या प्लेटा ओतून ठेवल्या.