नंबर तोच राहिला, ओळी मात्र स्थिर झाल्या

पुण्यातील एका नेत्ररुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे दृष्टी आणि चष्म्याचा नंबर तपासणारी, म्हणून काम करते. अभ्यासिकांमध्ये दिवसाचे दहा-बारा तास बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आमच्याकडे नेहमीच येतात. त्यांतलीच एक मुलगी परभणीहून आलेल्या वडिलांसोबत माझ्यासमोर बसली होती. अर्धा तास वाचले की ओळी एकमेकींवर चढतात, कपाळ ठणकू लागते आणि एक डोळा झाकला की बरे वाटते, असे तिने सांगितले. या शेवटच्या वाक्याने मी सावध झाले, कारण चष्म्यासह तिच्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/६, म्हणजे अगदी सामान्य होती.

मी पेन्सिलीचे टोक हळूहळू तिच्या नाकाजवळ आणू लागले. निरोगी डोळ्यांना ते साधारण सहा ते आठ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसते, तिचा उजवा डोळा मात्र वीस सेंटिमीटरवरच बाहेर सरकला आणि ती म्हणाली, "दोन झाल्या." जवळचे पाहताना दोन्ही डोळ्यांनी मिळून आत वळायचे असते आणि तिथेच तिचे डोळे कमी पडत होते. तक्त्यावरची अक्षरे वाचून हा दोष कळत नाही, कारण प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे उत्तम पाहत असतो.

व्यायामाने चष्मा जातो असे ऐकून ती काही आठवडे उगवत्या सूर्याकडे टक लावून पाहत होती, हे वडिलांनी सांगितले तेव्हा मला खरोखर धास्ती वाटली. सूर्याकडे पाहिल्याने दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी इजा होऊ शकते आणि त्या वेळी वेदनाही होत नाही. डॉक्टरांनी बाहुली मोठी करून पडदा तपासला. तो सुदैवाने सुरक्षित होता. लघुदृष्टीत, म्हणजे लांबचे धूसर दिसते तेव्हा, डोळ्याचा गोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो आणि कोणताही व्यायाम तो आखूड करत नाही, हे मी वडिलांना समजावले. त्यावर त्यांनी विचारले, "मग मॅडम, तुम्ही तरी व्यायाम कशाला सांगताय?"

त्यांची शंका रास्त होती. मी म्हटले, "काका, नंबर व्यायामाने जात नाही, पण दोन डोळ्यांचा मेळ सरावाने सुधारतो." पेन्सिलीवरचे एक अक्षर हातभर अंतरावरून नाकाकडे आणायचे, ते दोन होऊ लागले की थांबून पुन्हा एक करण्याचा प्रयत्न करायचा, मग लांबच्या भिंतीकडे पाहायचे, असे रोज पंधरा मिनिटे. एकट्या पेन्सिलीवर मात्र मी विसंबले नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात मुलांना केवळ घरच्या पेन्सिल-व्यायामापेक्षा दवाखान्यात देखरेखीखाली दिलेल्या उपचाराचा अधिक उपयोग झाला होता. म्हणून तिलाही आम्ही दर आठवड्याला बोलावले.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर लांब पाहण्याची सवय तिच्यासाठी तितकीच गरजेची होती, कारण जवळचे पाहताना आकसलेला डोळ्यातील स्नायू लांब पाहिल्यावरच सैलावतो. अभ्यासिकेत तिच्यासमोर हातभर अंतरावर लाकडी आडोसा होता, त्यामुळे मान वर करून काहीच साधत नव्हते. उठून खिडकीशी जायचे असे आम्ही ठरवले. मोबाइलवर व्याख्याने पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होऊ शकते, म्हणून मधूनमधून पापण्या पूर्ण मिटायला सांगितले. तळहातांनी डोळे झाकून बसल्याने विसावा मिळतो, तेवढ्यापुरते ते जरूर करावे. बुबुळांवर दाब मात्र देऊ नये.

दोन महिन्यांनी पेन्सिल तिला आठ सेंटिमीटरपर्यंत एकच दिसत होती. चष्म्याचा नंबर बदलला नव्हता, पण ओळी एकमेकींवर चढणे थांबले होते आणि व्यायाम आठवड्यातून दोन दिवसांवर आणता आला. त्यानंतर वडिलांचा फोन आला: धाकट्या मुलालाही चष्मा आहे, त्यालाही पेन्सिलीचा व्यायाम सुरू करू का? मी त्यांना सांगितले, "काका, आधी त्याला तपासणीला घेऊन या. त्याचे दोन्ही डोळे जवळचे पाहताना नीट मिळून वळत असतील, तर त्याला पेन्सिलीची गरजच नाही."