रविवारचं असंच असतंय

आमच्याकडच्या एका लोकल पेपरनं रविवारच्या पुरवणीत एक सदर सुरू केलंय, गावातल्या सुगरणी आणि त्यांच्या घरचं रविवारचं जेवण. एक मोठा फोटो, बारीकशी मुलाखत, खाली चौकटीत रेसिपी. आयडिया झकास आहे, मी तर राशिभविष्याच्याही आधी तेच पान काढते. पण वाचता वाचता जरा गडबड वाटायला लागली, कारण फोटोत कधी पनीर कोल्हापुरी, कधी व्हेज मखनी, एकदा तर बेक्ड मॅकरोनी आणि त्यावर कोथिंबीर. सोलापुरात, तेही रविवारी! म्हणलं हे शिजतंय तरी कुणाच्या घरात, कारण रविवारी दहाच्या सुमारास आमच्या गल्लीतनं नुसतं चालत गेलं तरी कुणाचं खोबरं भाजून झालंय आणि कुणाचा अजून कांदाच चाललाय ते डोळे झाकून सांगता येतंय, आणि त्यात मखनीचा वास मला तरी कधी आलेला नाही.

उलगडा केला समोरच्या काकूंनी. त्यांचाही नंबर लागला होता सदरात. पेपरवाल्यांनी फोनवर विचारलं, रविवारचं विशेष काय करता? आता काकू काय सांगणार, मटण, भाकरी, भात. हे तर अख्खं गाव करतंय, ह्यात पेपरात द्यायसारखं काय आहे असं त्यांना वाटलं, आणि मग युट्यूबवर बघून त्यांनी काजू घालून काहीतरी पांढरं-पांढरं केलं, ठेवणीतला काचेचा बाऊल काढला, साडी बदलली, फोटो झाला. पेपरवाले जिना उतरले नाहीत तोवर काका आतनं म्हणले, "झालं का? आता जेवायला काय करलालीस?"

चूक काकूंची नाही, प्रश्नच तसा होता. विशेष काय म्हणून विचारलं की माणूस रोजचं सोडून दुसरं काहीतरी शोधायला लागतंय. पेपरला दर आठवड्याला नवीन पाहिजे आणि रविवारला दर आठवड्याला तेच पाहिजे, ह्या दोघांचं जमायचं कसं?

आणि 'तेच' म्हणजे नुसता पदार्थ नव्हे. आमच्या घरी रविवार सुरू होतो सासऱ्यांच्या पिशवीपासनं. सकाळी सातच्या आत मटणाच्या दुकानात पोचलंच पाहिजे, नंतर गेलं की चांगलं सगळं संपलेलं असतंय असं त्यांचं ठाम मत, आणि दुकानदार वर्षानुवर्षं तोच, तरी सीना किती, चाप किती, नळ्या किती ह्यावरनं दर रविवारी नव्यानं वाद. ह्या वादाशिवाय आणलेलं मटण शिजतच नसावं बहुतेक. एकदा माझ्या नवऱ्यानं ॲपवरनं मागवून बघितलं, बरोबर वजनाचं, स्वच्छ, प्लॅस्टिकच्या डब्यात. सासऱ्यांनी डबा वळवून वळवून बघितला आणि एवढंच विचारलं, "नळ्या कोण मोजून घेतला?"

हे रविवारचं वेड आमच्या गावाला मिलनं लावलं असं माझं मत आहे. जुनी मिल सुरू झाली १८७७ला, पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, अर्ध्या गावाचं घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा. रविवारची सुट्टी काही आभाळातनं पडलेली नाही, नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांसाठी ती लावून धरली आणि १८९०ला ती मिळाली. सासऱ्यांचे वडील मिलमध्ये होते, ते म्हणायचे म्हणे की बाकी सहा दिवस जेवण भोंग्याच्या हिशोबानं, डब्यात भाकरी आणि चटणी, बसून गरम खायचं ते एका रविवारीच. मिलचे भोंगे कधीच बंद पडले, नातवंडं पुण्यात आयटीत गेली, त्यांना तर शनिवारचीही सुट्टी, पण शनिवारी मटण केलेलं चालतंय का विचारा! घरी आलेत म्हणून एकदा सासूबाईंनी शनिवारीच केलं, सगळ्यांनी खाल्लं, आणि रविवारी दुपारी सगळे कावरेबावरे होऊन फ्रीज उघडलालेत.

तर काकूंनी पेपरवाल्यांना आमचं नाव सुचवलं. आली एक मुलगी, नवीनच लागलेली असावी, पाठीवर सॅक, हातात मोबाइल, चेहऱ्यानं गोड. सासूबाईंना म्हणली, "आजी, विशेष काय?" सासूबाई म्हणल्या, "विशेष काय नाही ओ, रविवारचं असंच असतंय. बसा, होईल एवढ्यात." ती बिचारी ओट्याशेजारी स्टूलवर बसली आणि सासूबाई आपल्या कामाला लागल्या. आधी मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवून घेतलं, त्यातला अळणी रस्सा वाटीत काढून पोरांना दिला, एक वाटी त्या मुलीलाही. मग कांदा गॅसवर अख्खाच भाजला, वरची सालं काळी होऊन आतनं पाझरायला लागला तोवर, खोबऱ्याची वाटी तशीच जाळावर धरून. मग वाटण, मग तेल, आणि मग काळं तिखट.

"किती चमचे आजी?"

सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं, डब्यात हात घातला आणि तिखट सरळ तिच्या तळहातावर ठेवलं. "एवढं."

ती हाताकडं बघत बसली. दुसऱ्या हातानं फोटो काढला. मग मी चमचा दिला, तिनं हळूहळू ते चमच्यानं मोजलं, वहीत लिहिलं आणि परत पातेल्यात टाकलं. पेपरात आलं 'काळे तिखट : ३ टेबलस्पून'. छापून आल्याच्या दिवशी सकाळी आठलाच बाळीवेशीतनं नणंदेचा फोन, खसखस कुठंय? वन्सं, आमच्यात खसखस घालतच नाहीत. मग आईच्या हातचं मी तीस वर्षं काय खाल्लं? सासूबाईंना विचारलं तर म्हणल्या, असली तर घालते. म्हणजे बघा, रेसिपी एका घरात सुद्धा एक नाही, आणि पेपर म्हणतोय सोलापुरी पद्धत.

खरं लिहायसारखं होतं ते भाकरीचं, आणि नेमकं तेच कापलं. जागा नव्हती म्हणे. सासूबाई भाकरीला बसल्या की स्वयंपाकघराचा आवाजच बदलतो. पीठ मालदांडीचं, मंगळवेढ्याच्या ज्वारीचं, तिला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं ते आमच्याकडं पेपर वाचूनच कळलं, त्याच्या आधी शंभर वर्षं लोक ते न विचारताच खात होते. पीठ ताजं पाहिजे, जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेनं फाटते. कढत पाण्यात मळायचं, तळहाताच्या खालच्या भागानं रेटून रेटून, एका वेळी एकाच भाकरीपुरतं. मग परातीत पीठ पसरून थापायला घेतलं की भाकरी आपोआप गोल फिरत राहते, हात फक्त पट्-पट् पडलालाय असं वाटतंय. ती मुलगी व्हिडिओ काढत होती आणि फिरवते कोण हे तिला शेवटपर्यंत दिसलं नाही. मला इतक्या वर्षांत दिसलेलं नाही. तव्यावर टाकली, वरनं पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकायच्या आत उलटली, मग जाळावर, आणि टम्म फुगली की पोपडा सुटतो, तो पोपडा मागायला धाकटा मांजरासारखा पायात घोटाळत असतो.

आणि ताटात कडक भाकरी वेगळीच. ती आधीच करून, वाळवून, डब्यात भरून ठेवलेली असते, पापडासारखी मोडते, ती कुस्करायची आणि वरनं रस्सा, हाताचं कोपर वर करून. शेजारी शेंगाची चटणी, उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, मिक्सरची नाही, मिक्सरची चटणी भुरभुरीत होते आणि आमच्याकडं तिला कूट म्हणतात.

त्यात पाण्याचा दिवस असला तर सगळं वेळापत्रक कोलमडतंय. बाहेरगावच्यांना हे सांगून पटत नाही, उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय हे. तर पाणी रविवारी आलं की अर्धं घर मोटारीपाशी, पिंपं, टाक्या, बादल्या, आणि मटण कुकरच्या शिट्ट्यांवर सोडून दिलेलं. त्या रविवारी कुणी चवीबद्दल बोलत नाही.

बरं, मी मटणाचंच सांगलाले म्हणून अख्खं गाव तेच खातंय असं नाही. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं घर लिंगायत, त्यांच्याकडं रविवारी एण्णगाई, म्हणजे भरली वांगी, आणि शेंगापोळी, ती पण इतकी पातळ की तव्यावरनं काढताना श्वास धरावा लागतो. पूर्व भागात पद्मशाली घरं, तेलंगणातनं मागावर विणायला आलेली, चार पिढ्या झाल्या पण घरात अजून तेलुगू. तिथल्या एका अक्कांकडं मी जेवले आहे, मटणाबरोबर भाताचा डोंगर, आणि शेजारी पच्चीपुलुसू, चिंचेचं न उकळलेलं सार, कच्चा कांदा चुरलेला. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना मटणावर ते सार म्हणजे काय बुद्धी आहे बघा. अक्कांना म्हणलं पेपरात द्या की हे. तर हसायला लागल्या. "चिंचेचं पाणी काय पेपरात देता?" म्हणजे तिथंही तेच.

एक गोष्ट मात्र मटण होणाऱ्या सगळ्या घरांत मी बघितली आणि ती कुठल्याच चौकटीत बसायची नाही, ती म्हणजे सोमवार. शिळा रस्सा दुसऱ्या दिवशी मुरतो, जास्त चांगला लागतो, हे जगात सगळ्यांना माहीत आहे. पण आमचा दुसरा दिवस म्हणजे सोमवार, ग्रामदैवत सिद्धेश्वराचा वार, निम्म्या गावाला मटण चालत नाही. त्यामुळं मुरायला मिळते फक्त दुपार ते रात्र, आणि रात्री पातेलं रिकामं झालंच पाहिजे. म्हणून सोलापुरात रविवारचं रात्रीचं जेवण हेच खरं जेवण, दुपारचं नुसतं आवाजाचं. दुपारी पाहुणे, आग्रह, गडबड. रात्री घरचेच, पातेलं मधोमध, गरम करून करून आटलेला, तेलाचा तवंग आलेला रस्सा, आणि कुणी कुणाला वाढत नाही, ज्यानं त्यानं घ्यायचं. सासूबाई दुपारी सगळ्यांच्या मागनं जेवतात ते मला आवडत नाही आणि मी ते बोलून पण दाखवलंय, पण रात्री त्या सगळ्यांच्या आधी पातेल्यापाशी बसतात आणि नळी त्यांची असते, त्यावर घरात कुणी अपील करत नाही. ते त्या मुलीला कळायला रात्री नऊपर्यंत थांबावं लागलं असतं. तिची ड्युटी दुपारीच संपली.

आता श्रावण लागलाय. आदल्या रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग रस्त्यापर्यंत होती, सासरे पहाटेच जाऊन आले. पेपरच्या सदरात सध्या उपवासाचे पदार्थ चालू आहेत, राजगिऱ्याचा पिझ्झा वगैरे. आमच्याकडं रविवारी डाळकांदा केला, त्याच काळ्या तिखटातला, कांदा-खोबरं तसंच जाळावर भाजून, भाकरी तशीच, कडक भाकरी तशीच कुस्करलेली. सगळे गप्प जेवले, दुसऱ्यांदा घेतलं. सासऱ्यांनी बोटं चाटत सासूबाईंना सर्टिफिकेट दिलं, "सगळं आहे बघ ह्यात. फक्त मोजायला काय नाही."