तुम्ही विचारलंत म्हणून: गोळी चालू आहे, तरी टीएसएच वरच का?

"थायरॉइडची गोळी रोज न चुकता घेते, तरी टीएसएच ९ आला. आता डोस वाढवायचा का?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं. माझं उत्तर बहुतेकदा एका उलट प्रश्नाने सुरू होतं: गोळी घेतल्यावर पुढच्या तासाभरात पोटात काय काय जातं?

आधी एक घोळ निस्तरू. टीएसएच वाढला की आपण सर्रास "थायरॉइड वाढलाय" म्हणतो. खरं तर उलट झालेलं असतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावते, रक्तात टी-४ हे संप्रेरक कमी पडतं, आणि मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी "काम कर, काम कर" म्हणून टीएसएच जास्त सोडते. म्हणजे टीएसएच हा थायरॉइडचा माल नव्हे, त्याच्यामागे लागलेला तगादा आहे. साधारण ०.४ ते ४ ही बऱ्याच लॅबची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा. टी-४ किंचित खाली आला तरी हा तगादा कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून आकडा ९ झाला तरी टी-४ अजून मर्यादेत असू शकतो.

गोळीत असतं लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तोच टी-४, बाहेरून दिलेला. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये: २५, ५०, ७५, १००. (काही पाकिटांवर ०.०५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. शून्यं नीट मोजा.) ग्रंथी जवळजवळ बंदच पडली असेल तर वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतात. वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाला १२.५ किंवा २५ पासून सुरू करून हळूहळू चढवतात. इतक्या बारीक मापाचं औषध थोडं जरी वाया गेलं तरी रिपोर्टमध्ये लगेच दिसतं.

आणि ते वाया जातं आतड्यात. उपाशीपोटी घेतलेल्या गोळीतला साधारण ६० ते ८० टक्के भाग शोषला जातो. पोटात अन्न असलं की हे प्रमाण घसरतं. कॅल्शियम आणि लोह तर औषधाला आतड्यातच धरून ठेवतात, मग ते रक्तात न जाता शौचावाटे निघून जातं. म्हणून कॅल्शियम, लोह, ही दोन्ही असलेल्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्या आणि अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचं पातळ अँटासिड यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत ४ तासांचं अंतर हवं. नेहमीची चूक अशी: सगळ्या गोळ्या एका डबीत, "सकाळ" लिहिलेल्या एकाच कप्प्यात. विसरायला नको म्हणून केलेली सोय, आणि तीच नडते.

सकाळचा क्रम असा ठेवा. उठल्यावर गोळी, सोबत नुसतं पाणी, भरपूर. मग निदान अर्धा तास, जमलं तर एक तास, काहीही नाही. कॉफीसुद्धा नाही; काळी, बिनसाखरेची कॉफीही शोषण कमी करते. हे रोज जमणारच नसेल तर रात्री झोपताना घ्या, फक्त शेवटचं खाणं होऊन ३ तास झालेले हवेत. सकाळ की रात्र यापेक्षा रोज तीच वेळ आणि पोट रिकामं, हे महत्त्वाचं.

अ‍ॅसिडिटीच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्यांचं गणित मात्र वेगळं. त्या पोटातलं आम्लच कमी करतात, आणि लेव्होथायरॉक्सिन नीट विरघळायला ते आम्ल लागतं. परिणाम दिवसभराचा असल्याने इथे अंतर ठेवून फारसं साधत नाही. अशी गोळी महिनोन्‌महिने चालणार असेल तर सुरू झाल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासायचा, बंद केल्यावरही तपासायचा; नाहीतर वाढवलेला डोस नंतर जास्त होतो. जास्त डोस म्हणजे धडधड, हाताला कंप, झोप उडणं, आणि वयस्करांत हृदयाचे अनियमित ठोके व हाडांची झीज. त्यामुळे आकडा वर दिसला की डोस चढवायचा, ही घाई मला पटत नाही.

तपासणीचीही घाई नको. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून नवा डोस स्थिरावायला ५-६ आठवडे जातात. दोन आठवड्यांनी काढलेला टीएसएच अर्धवट गोष्ट सांगतो. याच कारणाने एक दिवस गोळी राहिली तर आकाश कोसळत नाही: त्याच दिवशी आठवली तर रिकाम्या पोटी घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच.

एक जोडी मात्र हमखास चुगली करते: टी-४ चांगला, कधी वरच्या टोकाला, आणि टीएसएच तरीही चढलेला. याची इतर कारणंही असतात, पण बऱ्याचदा अर्थ एवढाच की महिनाभर गोळ्या चुकल्या आणि तपासणीच्या आधी आठवडाभर नेमाने घेतल्या. टी-४ लगेच भरून येतो, टीएसएच मागची उधारी विसरत नाही. डॉक्टरांना खरं सांगा, नाहीतर विनाकारण डोस वाढेल.

रक्त द्यायला जाताना त्या दिवशीची गोळी नमुना दिल्यावर घ्या, कारण घेतल्यावर काही तास टी-४ चढलेला दिसतो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर निदान २ दिवस आधी थांबवा. ते रक्तात काही बिघडवत नाही, पण अनेक लॅबच्या चाचणीलाच फसवतं आणि टीएसएच खोटा कमी दाखवतं.

सगळं पाळूनही आकडा खाली येत नसेल, तर गोळीची कंपनी बदलली का, गोळ्या पट्टीतून काढून उष्ण-दमट जागी ठेवल्या का, गर्भनिरोधक किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू झाल्या का, हे पाहायचं. त्यातही काही सापडलं नाही तर डॉक्टर सिलिअ‍ॅक आजार (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारी इजा) किंवा जठराचा दाह शोधतात.

६ आठवडे थांबायचं नाही अशी एकच वेळ: गर्भधारणा. चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गरज पहिल्या काही आठवड्यांतच साधारण पाव पटीने किंवा थोडी जास्त वाढते, आणि सुरुवातीला बाळ आईच्याच टी-४वर अवलंबून असतं. मग निम्मे महिने भरेपर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच. याच काळात लोह आणि कॅल्शियमही सुरू होतं, तेव्हा ते ४ तास पुन्हा मोजायला लागा.