हरण्या, ताप आणि सहा मिलिग्रॅम

श्रावणातला रविवार, रात्रीचे साडेअकरा. चोपडा तालुका, माहेरी.

आबांचा ताप सकाळी १०२ होता, आता ९९.४. डेंगूची तपासणी निगेटिव्ह, प्लेटलेट ठीक. डॉक्टरांनी 'व्हायरल आहे' म्हणून पॅरासिटामॉल लिहून दिलं आणि पाणी भरपूर पाजा म्हणाले. घरात कानबाई देवी बसलीय, आईला नैवेद्याच्या रोटांपुढे दुसरं काही सुचत नाही. त्यामुळे थर्मामीटर आणि आबा, दोन्ही माझ्या वाट्याला.

आबांचं लक्ष मात्र तापात नाही, बागेत आहे. जूनअखेर लावलेल्या केळीच्या टिश्यूच्या रोपांत हरण्या रोग दिसलाय. दुपारी जाऊन बघून आले. पानांवर पिवळे पट्टे, कडा आकसलेल्या. एका रोपाचा पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, धरून ओढला तर अलगद हातात आला. बुडाशी सडलेला, घाण वास. अशी चाळीसेक रोपं असतील. हा काकडीवर्गातल्या पिकांवरही येणारा विषाणू, सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. मावा त्याला झाडोझाडी पोचवतो. मावा मारता येतो, रोगट झाड उपटून जाळता येतं. झाड बरं करता येत नाही.

आबा म्हणाले, "माय, तू पोऱ्हेस्ले औषधं शिकाडस, मंग याले काबं औषध नही?"

दहा वर्षं फार्मसीच्या पोरांना औषधशास्त्र शिकवतेय, पण खाटेशी बसून याचं उत्तर देता येईना. आता ते झोपलेत, म्हणून वहीत लिहिते.

विषाणूवर दोन बाजूंनी जाता येतं. एकतर विषाणूच्याच यंत्रावर घाव घालायचा, नाहीतर शरीराची पहिली हाकाटी वाढवायची किंवा दाबायची. ही दुसरी वाट मला जास्त आवडते, आणि तिचीच जास्त भीती वाटते. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे, उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ठेवले. मग ते द्रव ताज्या तुकड्यांना दिलं, तर त्यांच्यावर जिवंत विषाणू नीट वाढेना. द्रवात जे होतं त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. लागण झालेली पेशी स्वतः बुडताबुडता शेजारणींना सांगते, दारं लावून घ्या. पेशीत रिग-आयसारखे पहारेकरी विषाणूचा आरएनए ओळखतात आणि तिथून ही हाक सुटते.

ताप, कणकण, अंग मोडून येणं, यात मोठा हात या हाकेचाच. पूर्वी हेपटायटिस सीच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, कित्येकांना ४८ आठवडे. सुई टोचली की फ्लू झाल्यासारखी हुडहुडी, काहींना तर गंभीर नैराश्य. २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर आलं, थेट विषाणूवर घाव घालणारं, आणि हळूहळू ती सुई मागे पडली. मला तरी त्यात नवल वाटत नाही.

विषाणूही काही मुकाट बसत नाही. फ्लूचं एनएस१ प्रथिन ही हाक पेशीतच दाबतं. केळीकडे इंटरफेरॉन नसतं. विषाणूचा आरएनए कापून टाकायची तिची वेगळी युक्ती असते, आणि सीएमव्हीचं २बी प्रथिन नेमकी तीच बोथट करतं. म्हणजे दुपारी माझ्या हातात आलेला तो पोंगाही एका दाबलेल्या हाकेचाच होता. आबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग २बीचंच औषध काढ.

कोविडमध्ये गंमत उलटीच झाली. गंमत कसली म्हणा. इंटरफेरॉन-बीटा दवाखान्यात दाखल रुग्णांना देऊन पाहिलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. तिथवर पोचलेल्या माणसाच्या शरीरात बहुतेकदा हाकाटीचाच वणवा झालेला असतो. तिथे कामाला आली संधिवाताची बॅरिसिटिनिब, जी आतले निरोप पुढे नेणाऱ्या जॅक (JAK) विकरांना अडवते. आणि ही हाकाटी दाबणारं आपलं जुनं, स्वस्त स्टेरॉइड, डेक्सामेथासोन. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला: रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा नाही.

हे आकडे मी ऑनलाइन तासाला फळ्यावर लिहिले होते. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा ओढून.

आणि एप्रिल २०२१ मध्ये मामाच्या मुलाचा फोन आला. मामांना ताप येऊन तिसरा दिवस, ऑक्सिजन ९७, सगळे घाबरलेले, गल्लीत त्याच आठवड्यात दोन माणसं गेलेली. "ताई, सगळे स्टेरॉइड चालू करताहेत, करू का?" मी म्हणाले, कर. सहा मिलिग्रॅम. काही होत नाही.

स्टेरॉइडने मामांची साखर चारशेवर गेली. अकरा दिवस दवाखान्यात काढून ते घरी आले, आता ठणठणीत आहेत, परवाच रोटांसाठी गहू घेऊन येऊन गेले. पण हाकेची गरज होती त्या दिवशी मी तोंड दाबायचं औषध सांगितलं, तेही दोन रेघा ओढून झाल्यावर. त्यांना हे कधी सांगितलेलं नाही. ते अजून सगळ्यांना सांगतात, भाचीनं वाचवलं.

संध्याकाळी आबांनी पण मागितलीच. "एखादी कडक गोळी दे ना, सकाळी बागेत जाणं शे." पॅरासिटामॉल आणि लिंबूपाणी दिलं. म्हटलं, झाडं मी मजूर लावून उपटून घेते. कुरकुरले, पण प्यायले.

झोपायच्या आधी त्यांनी बांधाशेजारच्या काकांना फोन लावला, आपल्याकडे हरण्या आलाय, तुम्हीही बघून घ्या म्हणून. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्यात आठ दिवसांपासून आहे.