दोष बियांचा नव्हता

पहिल्या खेपेला लेट्यूसचं एकही रोप उगवलं नाही. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत भरलं, बी पेरलं, वर अर्धा इंच माती लोटली आणि दोन आठवडे रोज सकाळी डोकावत राहिले. पालकाची तीन-चार रोपं आली. गाजराचा पत्ता नाही, कोथिंबिरीचाही नाही. साहजिकच बियांच्या नावाने बोटं मोडली.

पाकिटात थोडं बी उरलं होतं. लेट्यूसच्या दहा बिया ओल्या टिश्यू पेपरवर पसरल्या, झाकणाच्या डब्यात घालून डबा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवला. चौथ्या दिवशी आठ बियांना पांढरे कोंब! बी ठणठणीत होतं.

मग चूक कळली. माती 25 ते 30 अंशांच्या वर तापली की लेट्यूसचं बी झोपी जातं. मरत नाही, पण रुजतही नाही. पालकही 30 अंशांपुढे फारच नखरे करतो. शिवाय लेट्यूसच्या बीला रुजायला उजेड लागतो आणि मी तर ते पुरूनच टाकलं होतं. 'थंडीतली भाजी' म्हणजे वाढायला थंडी लागते, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रुजतानाही गारवा हवा हे सुचलंच नाही. ट्रे ठेवला होता भर उन्हात, वर कौतुकाने.

दुसऱ्या खेपेला रात्री गार होईपर्यंत थांबले. ट्रे सावलीत, लेट्यूसचं बी मातीवर नुसतं दाबलेलं. पाचव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. कोबी-फ्लॉवरने तर काहीच त्रास दिला नाही. धणे हलक्या हाताने रगडून दोन फाका केल्या आणि रात्रभर भिजवून पेरले, कारण एका धण्यात दोन बिया असतात. तरी उगवायला बारा दिवस घेतलेच. पार्सलीला चौथा आठवडा लागला. ट्रे रिकामा करायला निघाले होते, तेवढ्यात एक बारीकसा वाकलेला दांडा दिसला म्हणून हात मागे घेतला.

गाजराचं बी अगदी वर, जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल असतं. वरचा थर एक दुपार सुकला तरी फुटू पाहणारा कोंब जागीच संपतो. म्हणून वाफ्यावर ओलं गोणपाट अंथरलं आणि रोज एक कड उचलून बघायचे. पहिले कोंब दिसले त्याच दिवशी गोणपाट काढलं. राहू दिलं असतं तर रोपं पिवळी, लुळी झाली असती.

एवढं जमल्यावर पाण्याचा हात सैल सुटला. एका सकाळी फ्लॉवरची निम्मी रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला टेकलेल्या जागी देठ दोऱ्यासारखा बारीक, तपकिरी झालेला. ही रोपांची मर. ओल धरून राहणाऱ्या दाट गर्दीत बुरशी पसरते आणि पडलेलं रोप काही उठत नाही. पडलेली रोपं काढून टाकली, उरलेली विरळ केली. झारी बाजूला ठेवून ट्रे पाण्याच्या परातीत टेकवायला लागले, म्हणजे माती खालून पाणी ओढते. पंधरा मिनिटांनी बाहेर. त्यानंतर एकही रोप पडलं नाही.

विरळणी मात्र माझ्याच्याने होत नाही. इतकी वाट बघून आलेलं रोप उपटायचं? शेवटी कात्रीने कापायला लागले. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात, हे एक सोयीचं कारणही मिळालं.

पाच पानांवर आलेली कोबी-फ्लॉवरची रोपं आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवली आणि मग वाफ्यात लावली. त्याच झपाट्यात, दाट उगवलेल्या गाजराची सहा रोपंही उचलून मोकळ्या जागेत नेऊन लावली. सोटमूळ दुखावतं हे माहीत होतं, पण टाकवेना. सहाही जगली. अडीच-तीन महिन्यांनी उपटली, तर सरळ एकच. चारांना दोन-दोन पाय, आणि सहाव्याने स्वतःभोवतीच वेढा घेतलेला.