वांग्यावरचे ठिपके मोजताना

मुलुंडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, अर्धी कापलेली निळी पिंपे आणि डझनभर कुंड्या अशी माझी भाजीची बाग आहे. गेल्या पावसाळ्यात वांग्याच्या पानांवर काळ्या ठिपक्यांचे तांबूस, गोलसर किडे दिसले तेव्हा मला आनंदच झाला होता. ठिपक्यांचा गोल किडा म्हणजे ढालकिडा, आणि ढालकिडा म्हणजे मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, फस्त करणारा मित्रकीटक, एवढ्या तुटपुंज्या माहितीवर मी त्यांना अभय दिले, चालू असलेली फवारणी थांबवली आणि घरच्यांना वर बोलावून ते कौतुकाने दाखवलेही. पंधरा दिवसांत चारही झाडांच्या पानांची चाळणी झाली. पाने पूर्ण खाल्लेली नव्हती. हिरवा गर खरवडून नेलेला होता आणि शिरांच्या मधे वाळका, पारदर्शक पापुद्रा तेवढा उरला होता.

तो एपिलॅक्ना भुंगेरा होता. ढालकिड्यांच्याच कुळातला, पण शुद्ध शाकाहारी आणि वांगे-बटाट्याच्या वर्गावर विशेष प्रेम असलेला. याच्या शास्त्रीय नावातच २८ ठिपक्यांचा उल्लेख आहे; प्रत्यक्षात ते थोडे कमीही भरतात. मात्र मोजदाद करण्यापेक्षा पाठ पाहणे सोपे: एपिलॅक्नाची पाठ बारीक लवेमुळे निस्तेज, मळकट दिसते, तर मावा खाणाऱ्या ढालकिड्याची पाठ वॉर्निश लावल्यासारखी चकचकीत असते आणि आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या जातीवर ठिपक्यांऐवजी काळ्या नागमोडी रेषा असतात. अळ्यांमध्ये तर गोंधळाला जागाच नाही. एपिलॅक्नाची अळी पिवळी, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची आणि सुस्त. मित्रकिड्याची अळी काळपट, लांबट आणि माव्याच्या मागे तुरुतुरु धावणारी. पानाच्या मागे उभ्या रचलेल्या पिवळ्या अंड्यांचा पुंजका दिसला, की आता मी ते पान थेट साबणाच्या पाण्यात बुडवते. अर्थात काही मित्रकिड्यांची अंडीही अशीच पिवळी आणि उभी असतात, म्हणून आधी त्या पानावर मावा आहे का, हे पाहावे लागते.

या फजितीनंतर मी एक नियम पाळते, की बाटली उघडण्यापूर्वी पान उलटे करून पाहायचे, कारण कोणी खाल्ले हे खाल्ल्याच्या खुणेवरूनच कळते. पानात पांढरी वेडीवाकडी रेघ असेल तर ती नागअळी. ती पानाच्या दोन पापुद्र्यांच्या आत राहत असल्यामुळे वरून साबणपाणी मारून फारसे साधत नाही, पान खुडणेच बरे. काकडी किंवा भोपळ्याच्या कोवळ्या रोपाला, नुकती दोन-चार पाने आली असतानाच, भोके पडली तर नारिंगी-तांबडे भुंगेरे शोधावेत. हे सकाळी लवकर, अंग गारठलेले असताना सहज हाती लागतात. उन्हे चढल्यावर हात पुढे करताच उडून जातात.

अळूची गोष्ट वेगळी आहे. अळूवर अळी पडते, हा शब्दखेळ श्रावणात वड्यांची पाने खुडायला गेल्यावर मुळीच गमतीचा वाटत नाही. स्पोडोप्टेरा या पतंगाची मादी पानावर शेकडो अंडी एकाच पुंजक्यात घालते आणि वर स्वतःच्या अंगावरील तपकिरी केसांचे पांघरूण घालते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या सुरुवातीचे काही दिवस त्याच पानावर घोळक्याने चरतात. एखादेच पान जाळीदार दिसते, बाकीचे झाड निरोगी. हीच वेळ साधायची असते, कारण तेवढे एक पान खुडले की सारा घोळका हाती येतो. ही संधी हुकली तर अळ्या पांगतात, दिवसा मातीत किंवा पानांखाली दडून रात्री खातात. मग नऊनंतर टॉर्च आणि चिमटा घेऊन गच्चीवर जाण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

औषधांमध्ये माझा भर निंबोळी अर्कावर आहे. पाच टक्क्यांचा अर्क म्हणजे एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड. ती रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, पानाला चिकटावी म्हणून किंचित साबण घालायचा. त्याने कीड तडकाफडकी मरत नाही, आणि म्हणूनच पुष्कळजण दोन दिवसांत तो निरुपयोगी ठरवतात. प्रत्यक्षात अर्क लागलेले पान अळीला खाववत नाही आणि तिचे कात टाकणे बिघडते, त्यामुळे लहान अळ्यांवर गुण येतो, बोटभर झालेल्यांवर फारसा नाही. उन्हात त्याची शक्ती जाते, तेव्हा फवारणी संध्याकाळची हवी. आणि मुंबईच्या पावसात ती धुऊन जाते, तेव्हा उघडीप पाहून पुन्हा करावी लागते. दशपर्णी अर्कही मी एकदा केला. शेण, गोमूत्र आणि कुजणारा पाला यांचा महिनाभर दरवळलेला तो वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचला, आणि सोसायटीच्या सभेत तो स्वतंत्र विषय म्हणून चर्चेला आला.

अळ्या फारच वाढल्या तर बीटी हे जिवाणूंचे औषध उपयोगी पडते. ते अळीच्या पोटात गेले तरच काम करते. अळी काही तासांत खाणे थांबवते आणि दोन-तीन दिवसांत मरते. परंतु फुलपाखरांच्या अळ्यांनाही ते तितकेच मारक असल्यामुळे कढीपत्त्यावर मी ते वापरत नाही. तिथे लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी लिंबाळी फुलपाखराची अळी असते. तिला बोट लावले की डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. झाड मोठे आहे, दोन-चार अळ्यांचे जेवण त्याला जड नाही.

स्पोडोप्टेराची पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोषात जाते, हे लक्षात ठेवून ऑक्टोबरमध्ये मी अळूच्या पिंपातील वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने उकरली. कॉफीच्या रंगाचे, चकचकीत असे पाच कोष निघाले. ते कठड्यावर मांडून मी खुरपे धुवायला नळाशी गेले आणि परतले तेव्हा तिथे दोनच उरले होते. कपड्यांच्या दोरीवर दयाळ शेपटी हलवत बसला होता.