तुम्ही विचारलंत म्हणून: खुंटा ठोकला, तरी सिग्नल का जात नाही?

जुना लष्करी सेट हाती आला की हा प्रश्न ठरलेला. सेट ठीक आहे, ५ वॅट निघताहेत, अर्थिंगचा खुंटा खोल गेलाय. मग पलीकडे काहीच का पोहोचत नाही?

कारण खुंटा विजेच्या अर्थिंगचं काम करतो, अँटेनाचं नाही. वायरलेस सेट नंबर १९ (२ ते ८ मेगाहर्ट्झ) रणगाड्यात बसायचा. रणगाड्याचं पोलादी धूड म्हणजेच अँटेनाचा दुसरा अर्धा भाग. सेट टेबलावर आणला की तो अर्धा भाग गायब.

आकडेच बघा. ४ मेगाहर्ट्झवर २.४ मीटरच्या व्हिपचा (उभ्या दांडी-अँटेनाचा) रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे ताकद हवेत पाठवणारा वाटा, जेमतेम ०.४ ओहम. जमीन आणि कॉइल मिळून तोटा २० ओहम धरला, तर ५ वॅटपैकी हवेत जातो ०.१ वॅट. बाकी सगळा गांडुळांना शेक!

तोटा ८ ओहमवर आणला तर हवेत अडीचपट ताकद जाते. त्यासाठी खुंटा आणखी खोल नको, तारा हव्यात. ५ मीटरच्या ८ इन्सुलेटेड तारा सेटच्या अर्थ टर्मिनलपासून चहूबाजूंना गवतावर पसरा. तेवढीच तार दोन लांब तुकड्यांत टाकण्यापेक्षा हे बरं. जाडी गौण, प्रवाह वाटला जातो. टर्मिनलचा रंग आणि गंज मात्र खरवडून काढा. सेट तारांच्या मध्यावरच ठेवा, कारण अर्थची वायर लांबली की तीच अँटेना होऊन बसते.

मग अँटेनाचा प्रवाह बघा. व्हिप, फ्रिक्वेन्सी आणि पॉवर तीच ठेवून, दर दोन तारांनंतर पुन्हा ट्यून करा. प्रवाह वाढला, तर तोटा घटला. वाढ थांबली की तारा पुरे.

एसडब्ल्यूआरवर (केबल आणि अँटेना किती जुळतात ते सांगणारा आकडा; १:१ म्हणजे पूर्ण जुळणी) मात्र विसंबू नका. क्वार्टर-वेव्ह (तरंगलांबीच्या पाव लांबीच्या) उभ्या अँटेनाचा मूळ रेझिस्टन्स सुमारे ३६ ओहम. ५० ओहमच्या केबलवर मीटर थेट १:१ दाखवत असेल, तर वरचे १४ ओहम बहुधा तोट्याचे. तारा वाढवल्यावर आकडा १.४ कडे सरकला, तर ती सुधारणाच.

बोलताना माइक ओठाला चावत असेल, तर सेटचा डबाच ‘तापलाय’, म्हणजे त्यावर रेडिओ-फ्रिक्वेन्सीचा व्होल्टेज चढलाय. काउंटरपॉइज (अर्थला जोडलेल्या त्या तारांचा पसारा) अपुरा आहे. तारा जमिनीवरून उचलून बांधणार असाल, तर लांबी क्वार्टर-वेव्ह हवी (७ मेगाहर्ट्झला सुमारे १० मीटर), आणि टोकं हाताच्या पोहोचीबाहेर. तिथला व्होल्टेज भाजतो.